सामाजिक शास्त्रांच्या चुरशीच्या पदवीसाठी अकरावीचे विषय कसे निवडावेत

दहावीचा निकाल लागतो, कला शाखेत नाव लागतं आणि विषय निवडायची वेळ येते ती प्रवेशाच्या खिडकीसमोर. कॉलेजच्या क्लार्कने पुढे केलेल्या छापील कागदावर दोन-तीन गट असतात. मैत्रीण ज्या गटात तो गट, किंवा 'स्कोअरिंग' म्हणून कुणी सांगितलेला गट, अशी खूण केली जाते. त्या खुणेचा अर्थ दोन वर्षांनी कळतो. दिल्ली विद्यापीठाची पात्रता वाचताना लक्षात येतं की आपल्या चार विषयांपैकी एकाचा तिथे पेपरच नाही, आणि ज्या पदवीवर डोळा होता तिला बारावीचं गणित लागतं.

अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मानसशास्त्र, इतिहास, भूगोल यांपैकी एखाद्या विषयाची चांगल्या संस्थेतली पदवी हवी असेल तर विषयांची निवड शेवटाकडून सुरुवातीकडे करावी. आधी पदवी ठरवायची, मग तिची प्रवेशपद्धत पाहायची, मग त्या परीक्षेतले पेपर आणि सगळ्यात शेवटी अकरावीचे विषय. खालचं विवेचन मुख्यतः महाराष्ट्र राज्य मंडळाच्या मुलांसाठी आहे, सीबीएसईच्या मुलांसाठी जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे. प्रवेशाचे नियम २०२५ च्या फेरीत होते तसे दिले आहेत. ते दरवर्षी थोडे हलतात, म्हणून अर्ज भरण्याआधी त्या वर्षीचं माहितीपत्रक वाचायलाच हवं.

पहिली पायरी: प्रवेश कशावर मिळतो ते पाहा

पदवीची नावं लिहिण्याआधी एका कागदावर चार रकाने आखा.

पहिला रकाना सीयूईटीचा. ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा २०२२ पासून राष्ट्रीय चाचणी संस्था (एनटीए) घेते. दिल्ली विद्यापीठ, बनारस हिंदू विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठाचे पाच वर्षांचे एकात्मिक एमए, टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा (टिस) तुळजापूर कॅम्पस हे सगळे या रकान्यात येतात. बारावीच्या टक्क्यांना इथे जवळपास किंमत नाही. दिल्ली विद्यापीठात ते लागतात ते फक्त दोघांचे सीयूईटी गुण सारखे आले तर. तेव्हा आधी बारावीच्या सर्वोत्तम तीन विषयांची टक्केवारी पाहतात, मग चार, मग पाच.

दुसरा रकाना जेईईचा, म्हणजे अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षेचा. सामाजिक शास्त्रांच्या लेखात हे नाव विचित्र वाटेल, पण मुंबई, कानपूर आणि खरगपूरच्या आयआयटींत अर्थशास्त्राची बीएस पदवी आहे आणि तिची वाट जेईई अॅडव्हान्स्डमधूनच जाते. म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित हवंच. कला शाखा घेतली की ही वाट बंद झाली असं समजा. ज्याला ती हवीच आहे त्याने विज्ञान शाखा घ्यावी आणि हा लेख इथेच थांबवला तरी चालेल.

तिसरा रकाना स्वतःची परीक्षा किंवा निवडप्रक्रिया असणाऱ्या संस्थांचा. अझीम प्रेमजी विद्यापीठाची आपली चाचणी आणि मुलाखत असते. अशोका विद्यापीठ अर्जात निबंध मागतं. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमध्ये अर्थशास्त्राची पदवी बीएस्सी आहे, आणि त्या नावातूनच गणिताचं वजन ओळखावं. परदेशी विद्यापीठंही याच रकान्यात.

चौथा रकाना बारावीच्या टक्क्यांचा. राज्यातली बहुतेक महाविद्यालयं अजूनही मेरिट यादी बारावीवर लावतात. मुंबई-पुण्यातल्या काही स्वायत्त महाविद्यालयांत त्यावर स्वतःची चाचणीही असते.

तुमच्या यादीतली निम्म्याहून अधिक नावं ज्या रकान्यात पडतील, त्या रकान्याचे नियम तुमचे विषय ठरवतील. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असणाऱ्या बहुतेकांची नावं पहिल्या रकान्यात पडतात, म्हणून पुढे त्याच्यावर जास्त भर दिला आहे.

दुसरी पायरी: गणिताचा निर्णय सर्वांत आधी

बाकीच्या कुठल्याही विषयातली चूक नंतर अभ्यास वाढवून भरून काढता येते. गणिताचं तसं नाही. दिल्ली विद्यापीठाच्या बीए ऑनर्स अर्थशास्त्राला बारावीत गणित उत्तीर्ण असावं लागतं आणि सीयूईटीत एक भाषा, गणित किंवा उपयोजित गणित, आणि यादीतले आणखी दोन विषय असे चार पेपर लागतात. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास, मानसशास्त्र यांना गणिताची अट नाही. तिथे एक भाषा आणि तीन विषय, किंवा दोन भाषा आणि दोन विषय अशी जुळणी चालते.

म्हणून स्वतःला एकच प्रश्न विचारा: अर्थशास्त्राची पदवी माझ्या पहिल्या तीन पसंतींत येण्याची थोडीदेखील शक्यता आहे का? उत्तर 'हो' किंवा 'सांगता येत नाही' असेल तर गणित घ्या. उत्तर ठाम 'नाही' असेल आणि दहावीचं बीजगणित ओढूनताणून निघालं असेल, तर गणित घेऊ नका. भविष्यात उपयोगी पडेल म्हणून घेतलेलं आणि बारावीत नापास झालेलं गणित अख्खा निकाल अडवतं.

राज्य मंडळात दोन गणितं आहेत आणि ती एकच समजण्याची चूक सर्रास होते. 'गणित व संख्याशास्त्र (कला व विज्ञान)' या विषयाचा संकेतांक ४०, वाणिज्यच्या गणिताचा ८८. पहिल्यात त्रिकोणमितीय फलने, सदिश, रेषा आणि प्रतल आहेत. दुसऱ्यात दलाली, विमा, वार्षिकी, रेषीय समाश्रयण, काल श्रेणी, निर्देशांक आहेत. आव्यूह, विकलन, संकलन, रेषीय प्रायोजन दोन्हींत. अर्थशास्त्राच्या पदवीत पुढे जे लागतं त्यातलं समाश्रयण आणि काल श्रेणी खरं तर वाणिज्यच्या पुस्तकात जास्त सापडतात, म्हणून ८८ ला 'हलकं गणित' म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही.

सीयूईटीत गणिताच्या पेपरात पहिले १५ प्रश्न सगळ्यांना सारखे असतात. उरलेले ३५ 'गणित' किंवा 'उपयोजित गणित' यांपैकी एका भागातून सोडवायचे असतात. ४० वाल्यांनी पहिला भाग घ्यावा. ८८ वाल्यांना दुसरा भाग सोपा जातो, कारण पहिल्यात व्यस्त त्रिकोणमितीय फलने आणि त्रिमितीय भूमिती येतात आणि ती त्यांनी पाहिलेलीच नसतात. अर्थात वाणिज्यच्या गणिताला एखादं विद्यापीठ पात्रतेसाठी कोणत्या नावाने धरतं, हे माहितीपत्रकातल्या विषय-समकक्षतेच्या भागात तपासून घ्यावं. गुणपत्रिकेवर छापलेलं नाव आणि माहितीपत्रकातलं नाव शेजारी ठेवून वाचा.

सीबीएसईत ही गुंतागुंत कमी आहे. गणिताचा कोड ०४१, उपयोजित गणिताचा २४१, आणि दोन्ही एकत्र घेता येत नाहीत. दहावीला 'बेसिक' गणित घेतलेल्यांनी अकरावीत कोणतं मिळेल ते शाळेत आधी विचारावं. सीबीएसईची आणखी एक सोय म्हणजे सहावा, अतिरिक्त विषय. काठावर असणाऱ्याने गणित सहावा विषय म्हणून घेतलं तर मूळ पाच विषयांचा निकाल सुरक्षित राहतो. राज्य मंडळात अशी उशी नाही.

राहिला प्रश्न मिळण्याचा. कला शाखेत गणित नियमाने घेता येतं, पण फार थोड्या कनिष्ठ महाविद्यालयांत ते प्रत्यक्ष शिकवलं जातं. पाच-सात मुलांसाठी वेगळी तुकडी कुणी काढत नाही. काही ठिकाणी गटाच्या कागदावर गणित छापलेलं असतं आणि तास विज्ञानच्या मुलांबरोबर बसून करावे लागतात, त्यातही भूगोलाच्या प्रात्यक्षिकाशी वेळ आदळते. असं असेल तर वाणिज्य शाखा, त्यात गणित आणि अर्थशास्त्र, ही अर्थशास्त्र-इच्छुकांसाठी कला शाखेपेक्षा सरळ वाट ठरते. राज्यशास्त्र तिथे मिळणार नाही, पण पुस्तपालन आणि वाणिज्य संघटन यांना सीयूईटीत अनुक्रमे लेखाशास्त्र आणि व्यवसाय अध्ययन हे जवळचे पेपर आहेत.

तिसरी पायरी: आपलं पुस्तक आणि परीक्षेचं पुस्तक एकमेकांवर ठेवून पाहा

राज्य मंडळाच्या मुलांचं खरं नुकसान इथे होतं, आणि याबद्दल कॉलेजात फार कुणी बोलत नाही. सीयूईटीचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या, म्हणजे सीबीएसईची मुलं वापरतात त्या, बारावीच्या पुस्तकांवर बेतलेला आहे. बालभारतीचं पुस्तक त्याच नावाचं असलं तरी आतला मजकूर तोच असेलच असं नाही. दिल्ली विद्यापीठाचा नियम असा की बारावीत शिकलेल्याच विषयांचे पेपर द्यायचे. म्हणजे विषय आपण निवडायचा, तो दोन वर्षं एका पुस्तकातून शिकायचा आणि परीक्षा दुसऱ्या पुस्तकावर द्यायची. जितकं दोन्हींत सामाईक, तितके कष्ट कमी.

सर्वांत मोठी दरी इतिहासात आहे. बालभारतीचा बारावीचा इतिहास युरोपातल्या प्रबोधनापासून सुरू होतो. वसाहतवाद, मराठे आणि वसाहतवाद, धार्मिक-सामाजिक सुधारणा, स्वातंत्र्यलढा, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध असं करत तो बदलत्या भारतापर्यंत येतो. एनसीईआरटीची तीन पुस्तकं हडप्पापासून निघतात. महाजनपदं, महाभारताच्या आधारे नातेसंबंध आणि जाती, सांचीचा स्तूप, प्रवाशांची वर्णनं, भक्ती-सूफी परंपरा, विजयनगर, मुघल काळातले शेतकरी, मग १८५७, गांधीजी आणि संविधान सभा. सामाईक भाग शेवटच्या तिसऱ्या पुस्तकात थोडाफार सापडतो, त्यापलीकडे जवळपास नाही. त्यामुळे राज्य मंडळाच्या मुलाला इतिहासाचा सीयूईटी पेपर म्हणजे जवळजवळ नवा विषय. इतिहासाचीच पदवी करायची असेल किंवा वाचनाची मनापासून आवड असेल तर घ्या. 'पाठांतराने निघतो' या भरवशावर मात्र नको.

राज्यशास्त्रात अर्धं घर भरलेलं असतं. बालभारतीचं पुस्तक १९९१ नंतरचं जग, जागतिकीकरण, मानवतावादी मुद्दे, राष्ट्रीय एकात्मतेसमोरची आव्हानं, सुशासन, भारत आणि जग यांवर आहे. एनसीईआरटीच्या समकालीन जागतिक राजकारणाच्या पुस्तकाशी ते बरंच जुळतं. दुसरं पुस्तक स्वातंत्र्योत्तर भारताचं आहे. राष्ट्रउभारणी, एका पक्षाच्या वर्चस्वाचा काळ, नियोजित विकास, आणीबाणी, प्रादेशिक आकांक्षा हा भाग वेगळा करावा लागतो. ते पुस्तक गोष्टीसारखं वाचलं जातं, त्यामुळे हा वेळ जड जात नाही.

समाजशास्त्र आणि भूगोल यांत जुळणी चांगली. बालभारतीच्या समाजशास्त्रातले आदिवासी, ग्रामीण, नागरी समाज, विविधता आणि एकता, सामाजिक बदलाच्या प्रक्रिया, चळवळी हे सगळं एनसीईआरटीतही आहे. त्यात बाजार, विषमता आणि औद्योगिक बदल यांची भर घालायची. भूगोलात लोकसंख्या, वस्त्या, प्राथमिक-द्वितीयक-तृतीयक व्यवसाय ही प्रकरणं जवळपास तशीच. भारताच्या आर्थिक भूगोलाचं पुस्तक तेवढं स्वतंत्र वाचावं लागतं. या दोन विषयांना कला शाखेत 'भरतीचे' विषय म्हणून हिणवलं जातं, पण प्रवेशाच्या हिशोबात हेच सर्वांत कमी खर्चाचे आहेत.

अर्थशास्त्रात सूक्ष्म बाजू, म्हणजे उपयोगिता, मागणी, लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार, दोन्हीकडे आहे. स्थूल बाजूला राष्ट्रीय उत्पन्न सामाईक, पण उत्पन्न-रोजगार निर्धारण आणि गुणक हा हिशेबी भाग बालभारतीत नाही. शिवाय सीयूईटी भारतीय आर्थिक विकासाचं पुस्तकही धरते: १९५०-९० ची अर्थव्यवस्था, १९९१ च्या सुधारणा, मानवी भांडवल, ग्रामीण विकास, आणि भारत, पाकिस्तान, चीन यांची तुलना. एवढ्या सगळ्यासाठी बारावीच्या वर्षात किमान सहा-सात रविवार बाजूला काढावेत.

मानसशास्त्रात बुद्धिमत्ता, व्यक्तिमत्त्व आणि मानसिक विकृती ही मोठी तीन प्रकरणं सामाईक. उपचारपद्धती, अभिवृत्ती, गट आणि सामाजिक प्रभाव हे एनसीईआरटीतून करायचं. मानसशास्त्राच्या पदवीला बारावीचं मानसशास्त्र लागतंच असं नाही, त्यामुळे कॉलेजात तो विषय मिळत नसेल तर त्यापायी कॉलेज बदलू नका.

तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, शिक्षणशास्त्र, सहकार या विषयांचा सीयूईटीत पेपरच नाही. तर्कशास्त्र शिकवायला उत्तम विषय आहे आणि बुद्धीला धार लावतो, पण चार पर्यायी विषयांतली एक जागा त्याला दिली की तुमच्याकडे फक्त तीन पेपर उरतात. त्यातला एक बिघडला तर बदली खेळाडू नाही. असे दोन विषय घेतले तर एक भाषा आणि तीन विषय ही जुळणीच संपते. कॉलेजचे ठरलेले गट बघताना आधी हे तपासा, कारण ग्रामीण भागातल्या अनेक कॉलेजांत सहकार आणि शिक्षणशास्त्र गटात बांधूनच येतात. २०२५ पासून विधी अभ्यासाचा पेपरही सीयूईटीतून गेला, हे सीबीएसईच्या मुलांनी लक्षात घ्यावं.

चौथी पायरी: भाषा

इंग्रजी सक्तीची आहे, प्रश्न दुसऱ्या भाषेचा. राज्य मंडळात तिच्या जागी माहिती तंत्रज्ञान घेता येतं आणि गुण सढळ मिळतात म्हणून मुलं ते घेतात. सामाजिक शास्त्रांच्या मुलांना हा सौदा महाग पडतो. मराठी सोडली की दोन भाषा आणि दोन विषय ही दुसरी जुळणी हातातून जाते. सीयूईटीत मराठी भाषेचा स्वतंत्र पेपर आहे, त्यात उताऱ्यांचं आकलन, शब्दसंपत्ती आणि व्याकरण असतं. ज्याचं इंग्रजी वाचन संथ आहे त्याच्यासाठी हा पेपर म्हणजे हक्काचे गुण.

विषयांचे पेपरही मराठी माध्यमातून देता येतात. अर्ज भरताना माध्यम निवडावं लागतं. मात्र निर्णय घेण्याआधी एक अडचण विचारात घ्या. एनसीईआरटीची पुस्तकं इंग्रजी, हिंदी आणि उर्दूत आहेत. मराठीत पेपर द्यायचा तर अभ्यास एका भाषेतल्या संज्ञांनी होतो आणि प्रश्न दुसऱ्या भाषेतल्या संज्ञांनी येतो. 'मार्जिनल प्रोपेन्सिटी टू कन्झ्युम' म्हणजेच 'सीमांत उपभोग प्रवृत्ती' का, यावर अडखळायला वेळ नसतो. प्रत्येक विषयाची एक वही करा: डावीकडे इंग्रजी संज्ञा, उजवीकडे बालभारतीतली मराठी संज्ञा. विषयामागे दीड-दोनशे नोंदी पुरतात. वही अकरावीच्या पहिल्या महिन्यापासून भरायला घेतली तरच ती पूर्ण होते.

पाचवी पायरी: जुळणी

सीयूईटीत जास्तीत जास्त पाच पेपर देता येतात. त्यामुळे अकरावीची जुळणी अशी हवी की पाचांत दोन पदव्यांच्या अटी बसतील.

अर्थशास्त्र पहिलं आणि राज्यशास्त्र दुसरं असेल तर गणित, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, भूगोल. पेपर देताना इंग्रजी, गणित, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि पाचवा भूगोल. गणिताचा पेपर फसला तरी इंग्रजी आणि उरलेले तीन विषय राज्यशास्त्रासाठी पुरतात.

राज्यशास्त्र, समाजशास्त्र किंवा इतिहासाकडे कल असेल आणि गणित नको असेल तर राज्यशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र. यात इतिहास नाही म्हणून दचकू नका. दिल्ली विद्यापीठाच्या इतिहास ऑनर्सला इतिहासाचाच पेपर हवा अशी अट नाही. तरी मुलाखत किंवा निबंध मागणाऱ्या संस्थेत इतिहासासाठी अर्ज करायचा असेल तर बारावीत तो विषय नसण्याचं कारण विचारलं जाईल. तेव्हा तिथे अर्थशास्त्र काढून इतिहास घ्यावा.

मानसशास्त्र: मानसशास्त्र, समाजशास्त्र, भूगोल, आणि चौथ्या जागी जमत असेल तर गणित. या पदवीत संख्याशास्त्राचे पेपर असतात आणि बहुतेक मुलं अडतात ती तिथेच.

जुळणी ठरली की ती उलट तपासून पाहा. यादीतल्या प्रत्येक पदवीसमोर तिचे चार पेपर लिहा आणि मग एक-एक विषय खोडून पाहा. कोणताही एक विषय खोडल्यावर किमान एक पदवी शाबूत राहिली तर जुळणी पक्की. नसेल राहत तर पाचवा पेपर बदला.

सहावी पायरी: कॉलेज निवडणं

२०२५-२६ पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होतो. अर्जाच्या दुसऱ्या भागात दहापर्यंत पसंती देता येतात. तिथे तुम्ही कॉलेज, शाखा आणि माध्यम निवडता, विषयांचा गट मात्र प्रवेश निश्चित करायला गेल्यावर ठरतो. पसंतीक्रम भरण्याआधी विषयांची चौकशी केली नाही तर पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळतं आणि तिथे हवा तो गट नसतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळाल्यावर ते नाकारलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाजूला पडण्याची वेळ येते, म्हणून ही चौकशी आधीच व्हायला हवी.

कॉलेजात जाऊन विचारायचे प्रश्न थोडेच, पण नेमके. गट ठरलेले आहेत की चार विषय सुटे निवडता येतात? गणिताच्या किती मुलांनी गेल्या वर्षी बारावी दिली? (उत्तर 'आहे की गणित' असं आलं तर आकडा पुन्हा विचारा.) मानसशास्त्राला पूर्णवेळ शिक्षक आहे की तासिका तत्त्वावरचा? विषय बदलायचा झाल्यास शेवटची तारीख कोणती? त्या तारखेआधी पहिले तीन-चार आठवडे सगळ्या विषयांना बसून पाहावं, आणि शंका असेल तर त्या मुदतीतच बदलावं. बारावीचा परीक्षा अर्ज भरताना विषय बदलायची धावपळ बहुधा वाया जाते.

सातवी पायरी: दोन वर्षांचा हिशोब

अकरावीत बोर्डाचं दडपण नसतं, म्हणून एनसीईआरटीचं वाचन तिथेच सुरू करावं. जिथे दरी कमी तो विषय आधी. समाजशास्त्र किंवा भूगोल दिवाळीपर्यंत, राज्यशास्त्राचं भारताचं पुस्तक उन्हाळ्यापर्यंत. गणित मात्र रोज एक तास, पहिल्या दिवसापासून. बारावीत सप्टेंबरनंतर एनसीईआरटी बाजूला ठेवून बोर्ड. परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि सीयूईटी मे महिन्यात सुरू होते. मधल्या आठ-दहा आठवड्यांत नवीन काही वाचायचं नाही, सराव परीक्षा सोडवायच्या. सीयूईटीचा अर्ज मात्र बोर्डाच्या तयारीतच भरावा लागतो, कारण त्याची मुदत वर्षाच्या सुरुवातीला असते. अर्जातल्या पाच पेपरांची नावं म्हणूनच डिसेंबरात कागदावर लिहून ठेवा.

बोर्डाला हलकं समजू नका. कला शाखेत बहुतेक विषयांचे ८० गुण लेखी आणि २० अंतर्गत असतात. दिल्लीला जायचंच असं ठरवलेल्यांपैकी अनेकांना शेवटी राज्यातच प्रवेश घ्यावा लागतो, आणि तिथे हेच टक्के मोजले जातात.

सीयूईटीच्या प्रत्येक पेपरात ५० प्रश्न, ६० मिनिटं, सगळे प्रश्न सक्तीचे. म्हणजे प्रश्नामागे ७२ सेकंद. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकीला १ वजा. ४० प्रश्न सोडवून ३४ बरोबर आले तर १७० वजा ६, म्हणजे १६४. उरलेले १० कोरे सोडावेत का? चार पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तर चारदा मिळून सरासरी ५ मिळतात आणि ३ जातात, म्हणजे प्रश्नामागे अर्धा गुण तरी पदरात पडतो. एक पर्याय नक्की चूक आहे हे कळलं तर हा फायदा एक गुणापर्यंत जातो. निगेटिव्ह मार्किंगच्या धाकाने प्रश्न कोरे सोडणं या परीक्षेत तोट्याचं आहे. वेळ संपत आला की उरलेल्या प्रश्नांवर खुणा करून टाका.

निबंध आणि मुलाखतीच्या संस्था

इथे विषयांच्या नावांपेक्षा त्यांच्यात तुम्ही काय केलं ते पाहतात. तरी निवडीचा संबंध येतोच. बोर्डाच्या २० गुणांचा प्रकल्प बहुतेक मुलं बाजारातून छापील आणून चिकटवतात. त्याऐवजी समाजशास्त्राचा किंवा भूगोलाचा प्रकल्प खराखुरा करा: गावातल्या आठवडी बाजारातल्या तीस विक्रेत्यांना तेच पाच प्रश्न, किंवा एका प्रभागातले पाण्याचे तास महिनाभर टिपून ठेवणं. मुलाखतीत बोलायला यापेक्षा भक्कम काही मिळत नाही. ब्रिटनमध्ये अर्ज करणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. अर्थशास्त्रासाठी तिथल्या आघाडीच्या विद्यापीठांत गणित लागतं. आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या अर्जाची मुदत १५ ऑक्टोबर असते, म्हणजे बारावीच्या सहामाहीच्या सुमारास. राज्य मंडळाची बारावी थेट चालते की नाही हे प्रत्येक विद्यापीठाच्या भारतासाठीच्या पानावर वेगवेगळं दिलेलं असतं, ते अकरावीतच वाचावं.

निवड आधीच चुकली असेल तर

बारावी झाली, गणित नाही, आणि आता अर्थशास्त्र हवं आहे. राज्य मंडळात बारावी उत्तीर्ण मुलांना 'तुरळक विषय' घेऊन एखाद्याच विषयाची परीक्षा देता येते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थाही एक-दोन विषयांसाठी प्रवेश देते. दोन्हींत साधारण एक वर्ष जातं. पैसे भरण्याआधी हव्या त्या विद्यापीठाला ईमेल करून विचारा, की वेगळ्या वर्षी, वेगळ्या गुणपत्रिकेवर उत्तीर्ण केलेलं गणित पात्रतेसाठी धराल का. उत्तर लेखी घ्या.

ते जमणार नसेल तर गणिताची अट नसलेल्या महाविद्यालयात अर्थशास्त्राची बीए करा आणि पदव्युत्तर प्रवेशाला नेम धरा. तिथे बारावीचे विषय क्वचितच विचारतात, पण परीक्षेत कलन आणि संख्याशास्त्र येतं. म्हणून बीएच्या पहिल्याच वर्षी बालभारतीच्या वाणिज्य गणिताचे दोन्ही भाग विकत आणा आणि विकलनाच्या प्रकरणापासून सुरुवात करा.